डोवाजॅकचे लाकडी मासे

मिशिगन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातले डोवाजॅक हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेगड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. 'राउंड ओक' कंपनीच्या ओतीव लोखंडाच्या शेगड्या इथून रेल्वेने दूरदूर जात आणि कडाक्याच्या हिवाळ्यात घरे गरम ठेवत. त्या शेगड्या आज फार थोड्यांना आठवतात. गावाचे नाव टिकले ते बोटभर लांबीच्या एका लाकडी वस्तूमुळे. तिला काचेचे डोळे होते, पोटाला आणि कुशींना तीन टोकांचे गळ लटकत होते, पुढे-मागे पत्र्याचे चिमुकले पंखे होते. त्या पंख्यांवर हेडन कंपनीच्या नावाबरोबर डोवाजॅकचाही ठसा असे.

ही वस्तू म्हणजे ब्लॅक बास नावाचा मासा पकडण्यासाठी केलेले खोटे आमिष, अमेरिकेतल्या बोलीत ल्यूर. साधारण १८९० ते १९५० या काळात मिशिगन, इंडियाना आणि ओहायो या राज्यांतल्या लहान गावांनी अशी लाकडी आमिषे लाखांनी घडवली. ती पाण्यात फेकायची, माशाने चावायची, कधी बुडालेल्या ओंडक्यात अडकून कायमची हरवायची. जपून ठेवण्यासाठी ती कोणी विकत घेतली नव्हती. तरीही त्यांचा इतिहास आज तपशीलवार उपलब्ध आहे, कारण काही हौशी माणसांनी तो वेळेवर गोळा केला. ल्यूर घडवणाऱ्यांची आणि त्यांचा माग काढणाऱ्यांची गोष्ट एकत्रच सांगायला हवी.

सामान्य माणसाचा मासा

गळाने मासेमारी करण्याचा छंद इंग्लंडहून अमेरिकेत आला तो ट्राउट माशाचे बोट धरून. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला हा मासा, त्याला भुलवायला पिसांची नाजूक माशी, हातात लांब लवचीक काठी आणि या सगळ्यासाठी लागणारी सवड. पूर्व किनाऱ्यावरच्या सुखवस्तू मंडळींचा तो खेळ झाला. बास मात्र दक्षिणेतल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या संथ नद्यांत, दलदलीत, कमळपानांनी झाकलेल्या तळ्यांत राहणारा. शेतकरी, कामगार, शाळकरी पोरे त्याला गळाला बेडूक किंवा जिवंत छोटा मासा लावून पकडत आणि घरी नेऊन तळून खात. खानदानी छंदिष्टांच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले नव्हते.

ते मांडले डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी. १८८१ मध्ये त्यांचे 'बुक ऑफ द ब्लॅक बास' प्रसिद्ध झाले. पेशाने डॉक्टर असलेल्या हेन्शॉल यांनी बासच्या जाती, सवयी आणि त्याला पकडण्याची साधने यांची पद्धतशीर मांडणी केली. आकाराच्या मानाने याच्याइतका झुंजार मासा दुसरा नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. घराजवळच्या तळ्यातला मासा ट्राउटच्या तोडीस तोड आहे हे छापील पुस्तकात वाचायला मिळणे, ही मध्य-पश्चिमेतल्या हौशी लोकांसाठी मोठी गोष्ट होती.

ल्यूरचा इतिहास समजून घ्यायचा तर बासचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर त्या घरट्यावर पहारा देतो. जवळ येईल त्याच्यावर तो तुटून पडतो. एरवीही हा मासा पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि थरथर, खळबळ, अचानक हालचाल जाणवली की झडप घालतो. त्यामुळे भूक नसतानाही तो आमिषावर येतो. आमिष खऱ्या माशासारखे हुबेहूब दिसले नाही तरी चालते, पाण्यात त्याची चाल मात्र जिवंत हवी. पुढच्या पन्नास वर्षांतले जवळपास सगळे शोध या चालीसाठी लागले.

दुसरी गरज होती आमिष लांब फेकण्याची. तिची सोय केंटकीत आधीच झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस नावाच्या तिथल्या गावात जॉर्ज स्नायडर या घड्याळजींनी दातेरी चाकांचे रीळ तयार केले. मूठ एकदा फिरवली की रिळावरची फिरकी अनेकदा फिरे. केंटकीतल्या मीक बंधूंनी आणि बी. सी. मायलम यांनी ही रिळे घड्याळाच्या नजाकतीने घडवली. पुढे शिकागोच्या हौशी लोकांनी लांब काठी आखूड केली आणि डोक्यावरून फेकण्याची पद्धत रूढ केली. १८९६ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या विल्यम शेक्सपिअर यांनी दोरी आपोआप सारखी गुंडाळणाऱ्या रिळाचे पेटंट घेतले. आता नवशिक्यालाही कमळपानांमधल्या हातभर मोकळ्या पाण्यात आमिष टाकता येणार होते. पण टाकायचे काय? जिवंत बेडूक दहा वेळा भिरकावला की मरतो आणि मेलेला बेडूक फारसा कामाचा राहत नाही.

चमच्यापासून लाकडापर्यंत

खोटी आमिषे त्याआधीही होती, पण ती बहुतेक धातूची. व्हर्माँटच्या ज्युलिओ ब्यूएल यांची कथा अमेरिकेतल्या मासेमारांना तोंडपाठ असते. होडीत बसून जेवताना त्यांच्या हातून चमचा पाण्यात पडला, चकाकत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर एका माशाने झडप घातली आणि त्यातून चमच्याच्या आकाराचे आमिष जन्मले. कथेतले तिखटमीठ बाजूला ठेवले तरी १८५२ चे ब्यूएल यांचे पेटंट हा कागदोपत्री पुरावा आहे. ओहायोतल्या पेन्सव्हिल गावच्या रायली हॅस्केल यांनी १८५९ मध्ये धातूच्या पोकळ माशाचे पेटंट घेतले. त्याच्या अंगावर खवले कोरलेले होते आणि मागचा अर्धा भाग पाण्यात गरगर फिरे. १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फुल्टनच्या हॅरी कॉमस्टॉक यांनी लाकडी अंगाला धातूचे पंख लावून आमिष केले. त्याच वर्षी ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या अर्नेस्ट फ्लूगर यांनी अंधारात चमकणाऱ्या आमिषांचे पेटंट घेतले.

धातूचे आमिष होडीमागे ओढत न्यायला उत्तम, पण बास जिथे राहतो तिथे ते बुडते आणि वेलींत अडकते. तरंगणारे, फेकण्याइतके जड आणि चावा सोसणारे काहीतरी हवे होते. ते काम लाकूडच करू शकत होते.

इथे डोवाजॅकचे जेम्स हेडन येतात. १८४५ मध्ये जन्मलेले हेडन मधमाशीपालनात देशभर नाव असलेले गृहस्थ होते. त्यांनी १८८५ मध्ये त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि मधमाश्यांच्या सुट्या भागांच्या पेटीचे पेटंटही घेतले. लाकडाचे मोजमाप, जीवमात्राच्या सवयींचे निरीक्षण आणि पेटंट कचेरीचे व्यवहार या तिन्हींची त्यांना आधीपासून सवय होती. आख्यायिका अशी की गावाजवळच्या मिल पाँड तळ्याकाठी मित्राची वाट पाहत ते चाकूने लाकडाचा तुकडा तासत बसले होते. उठताना त्यांनी तो पाण्यात फेकला आणि एका बासने उसळी मारून तो हवेत उडवला. हा प्रसंग नेमका कोणत्या वर्षी घडला याबद्दल वेगवेगळे आकडे सांगितले जातात. निश्चित आहे ते एवढेच की शतक संपता संपता हेडन लाकडी बेडूक हाताने कोरून मित्रांना देत होते. त्यांपैकी मोजके बेडूक आज शिल्लक आहेत.

१९०२ मध्ये हेडन यांना तरंगणाऱ्या आमिषाचे पेटंट मिळाले. उतरत्या नाकाचा लाकडी ठोकळा आणि नाकाच्या मागे धातूची कडी. दोरी ओढली की ही कडी पाणी उडवी आणि घाबरलेला जीव पळतोय असा भास होई. मुलगे चार्ल्स आणि विल धंद्यात होतेच. लवकरच 'डोवाजॅक मिनो' बाजारात आला. पाण्याखाली चालणारा, काचेच्या डोळ्यांचा, पुढे-मागे पंखे लावलेला हा मासा तीन गळांचा आणि पाच गळांचा अशा दोन रूपांत मिळे. १९११ मध्ये जेम्स हेडन वारले तेव्हा घरच्या उद्योगाचा कारखाना झाला होता.

तळ्यांच्या मुलखातले कारखाने

नकाशा उघडून पाहिले तर हे सगळे उद्योग एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दिसतात. डोवाजॅकला हेडन, कॅलमझूला शेक्सपिअर, पॉ पॉ गावी १९०८ पासून मूनलाइट बेट कंपनी, दक्षिणेला इंडियानात साउथ बेंड, पुढे पूर्वेला गॅरेट गावी क्रीक चब, ओहायोत अ‍ॅक्रन. याला कारणे होती. हिमयुगातल्या हिमनद्यांनी या मुलखात हजारो तळी कोरून ठेवली होती आणि त्या तळ्यांत बास होता. गाड्या, फर्निचर, अवजारे बनवणारे कारखाने आसपास असल्यामुळे लेथवर लाकूड फिरवणारे आणि रंगकाम जाणणारे कुशल हात मिळत. शिकागोची बाजारपेठ रेल्वेने काही तासांवर होती. तिथूनच सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड यांसारख्या कंपन्यांची टपाल-विक्रीची सूचिपत्रे देशाच्या कानाकोपऱ्यातल्या शेतघरांत पोचत.

काम नाजूक होते. हलके, पाण्याला टिकणारे सीडर लाकूड लेथवर आकाराला आणायचे. मग त्यावर अस्तराचा रंग, घासाई, पुन्हा रंग, पुन्हा घासाई आणि शेवटी वार्निशचे थर. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरचा लाखेचा तुकतुकीतपणा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चांगल्या अवस्थेतला जुना हेडन मासा हातात घेताच त्या कामाची जात ओळखू येईल. रंगकामावर प्रामुख्याने स्त्रिया असत. पाठीवर जाणूनबुजून भेगाळलेला रंग, पोटाशी पांढरा, कुशीवर ठिपके, इंद्रधनुषी पट्टे, बेडकाचा हिरवा, पर्च माशाचे पट्टे असे किती तरी नमुने त्या हातांतून उतरले. त्यांपैकी बहुतेकींची नावे कुठेही छापली गेली नाहीत.

किंमत साधारण पाऊण ते एक डॉलर. आज हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण १९१४ मध्ये फोर्डने कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली तेव्हा सारा देश चकित झाला होता. म्हणजे एक लाकडी मासा ही मजुराच्या दृष्टीने विचार करून घ्यायची वस्तू होती. म्हणूनच ती खोक्यात जपून ठेवली जाई, तिचा रंग उडाला तर घरी पुन्हा दिला जाई आणि बापाकडून मुलाकडे जाई.

स्पर्धाही जोरात होती. न्यू जर्सीतल्या लेक हॉपॅटकाँगचे आन्स डेकर आणि शिकागोचे विल्यम जेमिसन हे दोघे आपापले तरंगते आमिष सर्वश्रेष्ठ म्हणून सांगत. वाद मिटवायला १९१० च्या जूनमध्ये ओहायोतल्या काँग्रेस लेकवर दोघांचा सामना झाला. जेमिसन यांनी २८ बास पकडले, डेकर यांनी १६. जिंकलेल्या जेमिसन यांनी पुढे जाहिरातींत या विजयाचा भरपूर उपयोग केला. मासेमारीची मासिके अशा सामन्यांची वर्णने चवीने वाचणाऱ्यांच्या हाती पडत होती आणि त्यांच्या पानांवर ल्यूरच्या जाहिराती वाढत होत्या.

या काळातली सर्वांत कल्पक कंपनी कोणती असे विचारले तर मी क्रीक चबचे नाव घेईन. हेन्री डिल्स, कार्ल हाइन्झरलिंग आणि जॉर्ज शुल्थेस या तिघांनी गॅरेटमध्ये ती उभी केली. तिने दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्हींनी सगळा धंदा बदलला. पहिली म्हणजे आमिषाच्या तोंडाशी बसवलेली धातूची जीभ. दोरी ओढताच पाणी या तिरप्या पत्र्यावर आपटते, आमिष खाली बुडी मारते आणि डावी-उजवीकडे डुलू लागते. पंख्यांनी नुसती खळबळ होत होती, जिभेने पोहणे आले. दुसरी गोष्ट खवल्यांची. रंगवलेल्या अंगावर जाळीचे कापड ताणून त्यावरून दुसरा रंग फवारला की कापड काढल्यावर खाली हुबेहूब खवले उमटत. डिल्स यांनी १९१९ मध्ये या कृतीचे पेटंट घेतले. पाहता पाहता खवले नसलेला लाकडी मासा जुनाट वाटू लागला. कंपनीचा 'पायकी मिनो' पुढे अनेक दशके खपला, तर 'इंजर्ड मिनो' जखमी माशासारखा कुशीवर पडून तरंगे.

जॉर्जियातली एक सकाळ

लाकडी आमिषाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बास या कंपनीच्याच ल्यूरवर लागला. २ जून १९३२. महामंदी ऐन भरात होती. जॉर्जिया राज्यात राहणारा जॉर्ज पेरी हा विशीतला शेतकरी तरुण. पावसामुळे शेतात काम करता येईना, म्हणून तो जॅक पेज या मित्राबरोबर लेक माँटगोमेरीवर गेला. हे तळे म्हणजे ओक्मल्गी नदीचा तुटलेला जुना बाक. होडी घरगुती, काठी-रीळ एकच आणि ल्यूर एकच, क्रीक चबची. त्यामुळे दोघे आळीपाळीने फेकत होते. पेरीच्या पाळीला दोरी घट्ट झाली. आधी त्याला वाटले की गळ ओंडक्यात रुतला.

मासा जवळच्या हेलेना गावात तोलला गेला: २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून किंचित जास्त. 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेत त्याला पहिला क्रमांक आणि ७५ डॉलरचे सामान मिळाले. मासा पेरीच्या घरच्यांनी खाल्ला. भुसा भरून भिंतीवर लावण्याचा विचारही त्या घरात कोणी केला नसावा, कारण खाणारी तोंडे होती. ते क्रीक चबचे नेमके कोणते मॉडेल होते यावर संग्राहकांमध्ये अजून वाद चालतात. 'विगलफिश' की 'फिनटेल शायनर' हा प्रश्न त्यांच्यासाठी आपल्याकडच्या शिवकालीन तिथीच्या वादाइतकाच गंभीर आहे.

सर्वांत मोठ्या बासचा विक्रम ७७ वर्षे एकट्या पेरीचा होता. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ४.९७ औंसांचा बास पकडला. नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आज दोघांची नावे बरोबरीने लावली जातात. बास जपानातला मूळचा मासा नाही, १९२५ मध्ये अमेरिकेहून आणून तो आशी सरोवरात सोडला गेला. माशापाठोपाठ छंदही गेला. जुन्या अमेरिकी तरंगत्या ल्यूरना आज जपानात मोठी मागणी आहे. कुरिता यांनी मात्र जिवंत आमिष वापरले होते, त्यामुळे लाकडी माशाचा मान पेरीकडेच राहिला.

लाकूड मागे पडते

लाकडी आमिषाचा शेवट त्याच्या माहेरघरातच सुरू झाला. १९३० च्या दशकात हेडन कंपनीने प्लॅस्टिकची आमिषे काढली. अर्धपारदर्शक अंगामुळे त्यांच्या नावात 'स्पूक', म्हणजे भूत, हा शब्द आला. १९३९ चा 'झारा स्पूक' आजही विकला जातो. त्याचे नाव फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहराच्या झारागोझा रस्त्यावरून पडले. प्लॅस्टिकला लाकडासारखे थरांवर थर द्यावे लागत नव्हते, पाणी मुरून ते फुगत नव्हते आणि साच्यातून निघालेला प्रत्येक मासा सारखाच चाले.

तरीही काही काळ दोन्ही शेजारी नांदली. अ‍ॅक्रनमध्ये गुडइयरच्या टायर कारखान्यात काम केलेल्या फ्रेड आर्बोगास्ट यांनी 'जिटरबग' काढला. त्याच्या तोंडाशी रुंद वाटीसारखी पाती होती आणि ती पाण्यावर गडगड असा ठेका धरी. दुसऱ्या महायुद्धात धातू रणभूमीकडे वळला, तेव्हा ही पाती प्लॅस्टिकची झाली. युद्ध संपल्यावर पुन्हा धातू आला. त्यामुळे प्लॅस्टिकच्या पातीचा जिटरबग दिसला की संग्राहक क्षणात सांगतो, हा युद्धकाळातला. एवढ्याशा खेळण्याच्या तोंडावर महायुद्धाची नोंद राहून गेली आहे.

युद्धानंतर बदलांचा वेग वाढला. १९४९ मध्ये अ‍ॅक्रनच्याच निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ बाजारात आणले. टेनेसी नदीवर १९३३ पासून उभ्या राहिलेल्या धरणांनी दक्षिणेत प्रचंड जलाशय तयार केले होते आणि बासची राजधानी मिशिगनच्या तळ्यांवरून तिकडे सरकली. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी बाल्सा लाकडातून कोरलेला मासा १९६० च्या सुमारास अमेरिकेत पोचला. ऑगस्ट १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकाने त्याच्यावर लेख छापला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रो होत्या. अंक हातोहात खपला आणि मागणी पुरवणे रापालांना अशक्य झाले. १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची मोठी बक्षीस-स्पर्धा भरवली आणि मासेमारी हा व्यवसाय बनण्याचा रस्ता खुला झाला. टेनेसीतले फ्रेड यंग हाताने कोरून 'बिग ओ' नावाचा लठ्ठ लाकडी मासा करत. तो इतका दुर्मीळ होता की स्पर्धक तो भाड्याने घेत. १९७३ मध्ये कॉटन कॉर्डेल यांनी त्याची प्लॅस्टिकची आवृत्ती काढली आणि ती लाखांनी खपली. हाताने कोरलेल्या माशाचा बाजारातला काळ इथे संपला. पुढच्या काही वर्षांत क्रीक चब आणि हेडन यांची मालकी बदलत गेली आणि दोन्ही नावे शेवटी आर्कान्सामधल्या एकाच मोठ्या कंपनीकडे गेली. गॅरेट आणि डोवाजॅकमधले कारखाने बंद झाले.

खोक्यांतला इतिहास

कारखाने बंद पडू लागले तेव्हा अभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला त्यांच्या कागदपत्रांत विशेष रस नव्हता. शस्त्रे, नाणी, चित्रे यांना इतिहासात जागा असते, गळाच्या आमिषाला कशी असणार? पण देशभरात काही माणसे जुन्या ल्यूर गोळा करू लागली होती. घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, वारलेल्या आजोबांच्या गॅरेजमध्ये, मासेमारीच्या सामानाच्या बंद पडलेल्या दुकानांत त्यांना त्या सापडत. १९७६ मध्ये त्यांनी 'नॅशनल फिशिंग ल्यूर कलेक्टर्स क्लब' स्थापन केला. १९८० मध्ये कार्ल लकी यांचे जुन्या ल्यूर ओळखण्याचे मार्गदर्शक पुस्तक आले आणि विखुरलेल्या माहितीला एक चौकट मिळाली.

या मंडळींनी केलेले काम खऱ्या इतिहाससंशोधकाचे आहे. त्यांनी जुनी सूचिपत्रे शोधली, पेटंटची कागदपत्रे काढली, म्हाताऱ्या कामगारांना गाठून बोलते केले. मग वस्तूकडेच पुरावा म्हणून पाहायला ते शिकले. गळ अंगाला कसा जोडला आहे हा त्यांचा पहिला प्रश्न. हेडनच्या सुरुवातीच्या माशांत लाकडात खोबण करून तिच्यात धातूची वाटी आणि स्क्रू बसवलेला असे. नंतर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची कडी आली, त्यानंतर दोन तुकड्यांची पट्टी, शेवटी पृष्ठभागावर बसणारी जोडणी. हा क्रम माहीत असला की छापील तारीख नसतानाही वयाचा अंदाज बांधता येतो. दुसरा प्रश्न डोळ्यांचा: काचेचे की रंगवलेले? तिसरा पंख्यांचा आकार आणि त्यांवरचा ठसा. चौथा खोक्याचा. लाकडी सरकत्या झाकणाचे, पांढऱ्या पुठ्ठ्याचे की उसळी मारणाऱ्या बासचे चित्र असलेले? खोके लगेच फेकले जाई, म्हणून चांगले खोके कित्येकदा आतल्या माशाहून महाग असते.

अवस्थेचे मोजमापही कडक आहे. दहापैकी गुण देण्याची पद्धत रूढ आहे. गळाच्या टोकांनी पडलेले ओरखडे, वयाने पडलेल्या बारीक भेगा, उडालेले वार्निश, सगळे मोजले जाते. मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ शेजारी ठेवल्याने विरघळलेला रंग हे सर्वांत वाईट दुखणे, कारण त्यावर उपाय नाही. नव्याने रंग दिला असेल तर तो अतिनील दिव्याखाली उघडा पडतो. दुरुस्ती केली असेल तर विकताना सांगणे ही या जगातली सभ्यता आहे, आणि ती मोडणाऱ्याला बाकीचे सहज विसरत नाहीत. बनावट मासे येतातच. भाव जिथे चढतो तिथे ते येणारच.

भाव किती चढतो? नोव्हेंबर २००३ मध्ये लँग्ज या लिलावगृहात हॅस्केल यांचा दहा इंची तांब्याचा मासा १,०१,२०० डॉलरला गेला. ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि अनेकांनी आजोबांची डबडी उघडली. बहुतेकांची निराशा झाली, कारण गाजलेल्या ल्यूर लाखांनी बनल्या होत्या आणि वापरलेल्या प्रती थोड्या डॉलरना मिळतात. दुर्मीळ असतो तो न खपलेला रंग, फसलेले मॉडेल, थोडेच दिवस काढलेला नमुना. जे चांगले चालले ते स्वस्त आहे आणि जे बाजारात पडले ते महाग. कधीच पाण्यात न गेलेल्या माशाला सर्वाधिक गुण मिळतात.

माझे मत यात थोडे वेगळे आहे. खोक्यातून न निघालेला मासा कारखान्याची कारागिरी सांगतो आणि ती सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण दातांनी खरवडलेला, घरी पुन्हा रंगवलेला, गंजलेल्या गळांचा मासा एका माणसाची, एका तळ्याची, मंदीतल्या एका जेवणाची साक्ष देतो. पेरीचा मासा कोणत्या ल्यूरवर लागला हा वाद अजून मिटलेला नाही, कारण ती ल्यूर कोणी वेळेवर नोंदवून ठेवली नाही. बाजार पहिल्या प्रकाराला पैसे देतो. दुसऱ्या प्रकाराची किंमत फक्त नोंद करणारा ठरवू शकतो.

डोवाजॅकमधल्या हेडनच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत आज हेडन संग्रहालय आहे. मिशिगन, इंडियाना, ओहायो आणि शिकागोच्या परिसरात बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या शेजारीपाजारी अशी पिढीजात खोकी नक्की असतील. त्यांना माझे सांगणे एवढेच: वाट वाकडी करून एकदा ते संग्रहालय पाहा. आणि एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने जुने खोके उघडून दाखवले तर त्यातला मासा कितीला जाईल हे मागाहून विचारा. आधी तो कोणी घेतला, कोणत्या तळ्यावर वापरला, रंग कोणी दिला हे विचारा आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. या लाकडी माशांचा आज उपलब्ध असलेला इतिहास असाच, एका वेळी एक खोके उघडत, तयार झाला आहे.